कोश कोणासाठी? होपी शब्दकोशाच्या निमित्ताने

मोल्सवर्थच्या कोशाबद्दल वाईट बोलणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला, १८५७ साली सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती काढली, आणि आपल्या लोकांनी 'मोलेसरशास्त्री' असे त्याचे बारसे करून त्याला आपल्यात ओढून घेतले. १९७५ साली पुण्यात त्या कोशाचे पुनर्मुद्रण झाले. आज तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात कोणालाही फुकट पाहता येतो, आणि न्यू जर्सीपासून सॅन होजेपर्यंत ज्या ज्या घरात मराठी पुस्तकांचे एखादे कपाट आहे, तेथे 'उखळ पांढरे होणे' म्हणजे नेमके काय हे मुलांना सांगताना कधी ना कधी त्याचा आधार घेतला जातो. वास्तविक हा कोश आपल्यासाठी केलेलाच नव्हता. मुंबई सरकारच्या साहेबांना रयतेची भाषा कळावी म्हणून तो झाला. शब्द सांगणारे शास्त्री-पंडित आपले, अर्थ परक्याच्या भाषेत, खर्च सरकारचा. तरीही त्याने आपले काही उचलून नेले असे आपल्याला वाटत नाही. उलट त्याने जपून ठेवले, असेच आपण म्हणतो.

ही सवय मनात ठेवून ॲरिझोना विद्यापीठाच्या होपी कोशाकडे पाहिले, तर त्या ग्रंथाची निम्मी गोष्ट दिसतच नाही. म्हणून आधी ग्रंथ पाहू आणि मग गोष्ट.

'होपी डिक्शनरी', होपी नावाने 'होपीइक्वा लवायतुतुवेनी', टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठ प्रकाशनाने १९९८ साली प्रसिद्ध केला. पृष्ठसंख्या नऊशेच्या आसपास आणि नोंदी सुमारे तीस हजार. मुख्य संपादक केनेथ हिल हे भाषाशास्त्रज्ञ, तर सांस्कृतिक संपादक एमरी सेकाक्वाप्तेवा हे स्वतः होपी. नावातला 'तुतुवेनी' हा शब्द मोठा छान आहे. त्याचा अर्थ लिखाण, खुणा. ट्यूबा सिटीजवळ ज्या खडकांवर होपी कुळांच्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या कोरल्या गेल्या, त्या जागेचे नाव तुतुवेनीच, आणि होपींच्या वर्तमानपत्राचे नावही तेच. दगडावरची खूण, वर्तमानपत्र आणि नऊशे पानांचा कोश, तिन्हींना एकच शब्द पुरतो.

कोश म्हणून हा ग्रंथ पहिल्या प्रतीचा आहे, यात मला शंका नाही. बहुतेक आदिवासी भाषांच्या वाट्याला शब्दांच्या याद्या येतात: एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, की झाले काम. इथे शब्द कसा चालतो ते दाखवले आहे. अनेकवचन, समासात येणारे रूप, वापराची वाक्ये, शेवटी व्याकरणाची रूपरेषा आणि इंग्रजीवरून होपी शब्द शोधण्यासाठी सूची. होपी भाषेत हे सोपे नाही. एक जण धावतो तेव्हा 'वरी', आणि अनेक धावतात तेव्हा 'यूतु'. धातूच बदलतो. आपल्याकडे 'जातो' आणि 'गेला' यांचे नाते शाळकरी मुलाला जितके अनाकलनीय असते, तितकेच हे. पाण्यालाही दोन शब्द: झऱ्याचे, निसर्गातले पाणी ते 'पाहु', आणि भांड्यात भरून आणलेले ते 'कूयी'. कोरड्या पठारावर, जिथे झरा म्हणजे सर्वस्व, तिथे हा भेद कोणी चैनीखातर केलेला नाही.

आणि मका! मक्याच्या कणसाला, दाण्याला, पिठाला, पिठापासून होणाऱ्या पदार्थांना निरनिराळी नावे. त्यातली 'पीकी' वाचताना मी थांबलो. निळ्या मक्याचे पीठ राखेच्या पाण्यात सरबरीत कालवायचे, तापलेल्या गुळगुळीत दगडावर नुसत्या हाताने सारवायचे आणि कागदासारखा पापुद्रा उचलून गुंडाळायचा. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे करणाऱ्या बाईला हे दाखवले, तर पीठ वेगळे म्हणून ती नाक मुरडेल कदाचित, पण हात लगेच ओळखेल.

उणिवाही आहेत. पहिली तर मुखपृष्ठावरच कबूल केलेली: हा 'थर्ड मेसा' बोलीचा कोश आहे. होपींची गावे ईशान्य ॲरिझोनात तीन टेकाडांवर आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेली, आणि बोली टेकाडागणिक बदलते. पुण्याच्या बोलीचा कोश 'मराठी कोश' म्हणून मालवणात किंवा नागपुरात पाठवावा, तसे काहीसे इतर मेसांवर होणार. दुसरी उणीव अशी की कोशाची सगळी रचना इंग्रजीच्या आधाराने उभी आहे. होपी शब्दाचा अर्थ होपीतच सांगणारी नोंद त्यात नाही. आपल्याकडे मोल्सवर्थच्या दोन वर्षे आधी, १८२९ साली, शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापायला लागला होता. त्यात मराठीचा अर्थ मराठीत होता. परक्यासाठी एक आणि घरासाठी एक, अशी जोडी आपल्या नशिबी आली. होपींना एकच मिळाला, आणि तो बाहेरच्या दाराने.

आता गोष्ट. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेले काम १९९७ च्या सुमारास छपाईच्या तोंडावर आले, तेव्हा होपी जमातीच्या सांस्कृतिक जतन कार्यालयाने हरकत घेतली. ले कुवानविसिउमा तेव्हा त्या कार्यालयाचे प्रमुख होते. हरकत थोडक्यात अशी: होपी भाषा होपींची आहे, ती पुस्तकात बांधून वाटेल त्याला विकणे आम्हाला मान्य नाही, आणि किंमत अशी की आमच्याच घरांना ती परवडू नये. वाटाघाटी झाल्या आणि अखेर १९९८ साली कोश निघाला. हिल यांनी पुढे २००२ साली आदिवासी भाषांच्या कोशरचनेवरील एका लेखसंग्रहात या प्रकाशनाची हकिगत स्वतः लिहिली आहे.

हे ऐकून आपली पहिली प्रतिक्रिया काय होते? 'अहो, भाषा का कोणाच्या मालकीची असते? कोश झाला तर आनंद मानावा!' ज्या ज्या मराठी स्नेह्यांपाशी मी हा विषय काढला, त्यांच्यातले बहुतेक हेच म्हणाले. पण याच ॲरिझोनाशी संबंधित दुसरा एक कोश शेजारी ठेवून पाहा. होपी कोशानंतर एकाच वर्षाने, १९९९ साली, शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. फेल्डहाउसबाई ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या. एका अमेरिकन विदुषीने ज्ञानेश्वर-चक्रधरांच्या काळच्या शब्दांचा कोश केला म्हणून महाराष्ट्रात कोणी हरकत घेतली काय? आपण त्यांचे कौतुकच केले, आणि ते रास्तच होते.

एकाच राज्याशी नाते सांगणारे, एका वर्षाच्या अंतराने निघालेले दोन कोश, आणि स्वागताच्या दोन तऱ्हा. हा फरक होपी माणूस संकुचित आणि मराठी माणूस उदार असल्यामुळे पडला असे मानणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मराठी ही कोट्यवधींची भाषा. तिच्यात सरकार चालते, शाळा चालतात, भांडणे चालतात. एखादा कोश परक्याच्या हातून झाला तर तो दहांतला एक. न आवडला तर आपण दुसरा करू शकतो, केलेही आहेत. होपी भाषा काही हजारांची. तिच्यात एकदाच कोश होतो आणि तोच जगासमोर 'होपी' म्हणून उभा राहतो. औदार्य परवडावे लागते.

शिवाय अनुभव. १८९३ पासून ओरायबी गावात राहिलेल्या एच. आर. व्होथ या मेनोनाइट मिशनऱ्याने होपींचे गुप्त विधी पाहिले, त्यांची छायाचित्रे काढली आणि सविस्तर वर्णने शिकागोच्या फील्ड म्युझियमतर्फे छापली. ज्यांचे विधी, त्यांची इच्छा कोणी विचारात घेतली नाही. आज होपी गावांत छायाचित्र काढणे, ध्वनिमुद्रण करणे, एवढेच काय चित्र रेखाटणेही मना आहे. आपल्यापैकी जे ग्रँड कॅन्यनहून परतताना तिकडे वाकडी वाट करतात त्यांनी त्या पाट्या पाहिल्या असतील, आणि थोडे चिडलेही असतील. पण २०१३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये होपींच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. तो थांबवावा म्हणून तेथील न्यायालयापर्यंत दाद मागितली गेली, आणि न्यायालयाने नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात एका अमेरिकन प्रतिष्ठानाने काही वस्तू विकत घेऊन त्या जमातींना परत दिल्या, म्हणून तेवढ्या तरी सुटल्या. आपल्या देवघरातले टाक कोणी बोली लावून नेले, तर 'संस्कृतीचा प्रसार होतो आहे' असे आपण म्हणू का?

भाषेच्या बाबतीतही होपी शब्द जगाच्या बाजारात आधीच फिरून आले होते. बेंजामिन ली व्हॉर्फ हे नाव भाषाशास्त्रात सर्वांच्या तोंडी. (आम्हा इंजिनियरांना तो जवळचा वाटावा. एम.आय.टी.चा रसायन-अभियांत्रिकीचा पदवीधर, आणि पोटापाण्याला आगविमा कंपनीत नोकरी.) होपी भाषेत काळाची कल्पना आपल्यासारखी नाही, असे त्याने मांडले, आणि पुढे कित्येक दशके 'होपींना वेळ कळत नाही' असल्या विपर्यासापर्यंत ती गोष्ट गेली. एकेहार्ट मलोत्की यांनी १९८३ साली 'होपी टाइम' हा जाडजूड ग्रंथ लिहून होपीतले काळवाचक शब्द आणि प्रयोग ढिगाने पुढे मांडले. हेच मलोत्की पुढे या कोशाच्याही संपादनात होते. दोन्ही बाजूंच्या विद्वानांचा वाद रंगला, प्रबंध झाले. ज्यांच्या भाषेवरून तो रंगला, त्यांच्या मुलांना शाळेत मात्र त्या भाषेतले पुस्तक मिळत नव्हते.

इथे मला आपल्या मराठीचा एक उपयोग दिसतो. इंग्रजीत 'अवर लँग्वेज' म्हटले की बोलणारा ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे कळत नाही. मराठीत लगेच कळते. 'आपली भाषा' म्हणजे तुझीही आणि माझीही. 'आमची भाषा' म्हणजे तुझी नव्हे. विद्यापीठाने कोशाचे काम 'आपला सर्वांचा वारसा' या भावनेने केले. होपी कार्यालयाने उत्तर दिले 'आमची भाषा'. दोन्ही पक्ष इंग्रजीत एकच शब्द वापरत राहिले, आणि मला वाटते निम्मा गोंधळ तिथेच झाला.

एवढे म्हटल्यावर कार्यालयाचीही बाजू तपासली पाहिजे, कारण 'आमची' म्हणणारे हे 'आम्ही' कोण? सेकाक्वाप्तेवा काही बाहेरचे नव्हते. होपींच्या अपील न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश, ॲरिझोना विद्यापीठात अध्यापक. २००७ साली ते वारले. त्यांची आई हेलन यांची आत्मकथा १९६९ साली प्रसिद्ध झाली. १९०६ साली ओरायबी गाव दुभंगले. सरकारी शाळेला विरोध करणारी कुटुंबे बाहेर पडली, आणि हेलनसारख्या मुलांना कीम्स कॅन्यनच्या निवासी शाळेत नेण्यात आले. त्या शाळांमध्ये मुलांनी इंग्रजीच बोलावे असा दंडक असे. अशा आईच्या मुलाने आयुष्याची कित्येक वर्षे आपल्या भाषेचे शब्द गोळा करण्यात घालवली. त्याला विचारायचे, की तुला परवानगी कोणी दिली? आणि विचारायचे कोणी? प्रत्येक गावाला आपली स्वायत्तता प्यारी. आदिवासी परिषदेची स्थापनाच १९३६ सालच्या संविधानाने, म्हणजे वॉशिंग्टनच्या पुढाकाराने झालेली. त्यामुळे 'समाजाची संमती घ्या' हे वाक्य अर्जात लिहायला जितके सोपे, तितकेच टेकाडावर जाऊन अमलात आणायला कठीण. लपवून ठेवण्याचीही किंमत असते. पोरे घरात इंग्रजी बोलू लागली, की कुलपात ठेवलेली भाषा म्हाताऱ्यांबरोबर जाते.

तरीही माझा कौल कार्यालयाच्या बाजूला झुकतो, तो कायद्यामुळे. अमेरिकन कायद्यात भाषेला मालक नाही. शब्द कोणाचेच नाहीत. १९९१ च्या फाइस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की नुसत्या माहितीवर, म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीतल्या नाव-नंबरांवर, स्वामित्वहक्क नाही. मांडणीत काही स्वतंत्र निर्मिती असेल तर तेवढ्यावर आहे. म्हणजे आजीने शब्द सांगितला, त्यावर तिचा हक्क शून्य. तो ज्याने रचून छापला, त्याचा हक्क पक्का. लाकोटा भाषेच्या बाबतीत हेच पेटले. लाकोटा लँग्वेज कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली मोठा कोश काढला, पाठ्यपुस्तके काढली, आणि जमातीच्या वृद्धांच्या मुलाखतींतून तयार झालेल्या साहित्यावर हक्क संस्थेचा, असे चित्र उभे राहिले. २०२२ साली स्टँडिंग रॉक जमातीच्या परिषदेने त्या संस्थेला आपल्या भूमीतून हद्दपार करण्याचा ठराव केला. पुस्तके वाईट होती म्हणून नव्हे. आपल्याच आजीचे शब्द परत विकत घ्यावे लागतात, म्हणून.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून एक तांत्रिक मुद्दा. छापील कोशाला परवानगीचा एकच खटका असतो: छापला किंवा नाही छापला. एकदा छापला की तो सर्वांना सारखा. १९९८ चा वाद असा टोकाचा झाला त्याला माध्यमही कारण होते. संगणकावर नोंदीनोंदीला वेगळा दरवाजा ठेवता येतो. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात मायामिया जमातीने उभे केलेले केंद्र याचा चांगला नमुना आहे. ही भाषा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाच्या तोंडी उरली नव्हती. उरली होती ती तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच जेझुइटांच्या हस्तलिखित कोशांत. तिथून डॅरिल बाल्डविन आणि भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड कोस्टा यांनी ती पुन्हा मुलांच्या तोंडी आणली, आणि त्यासाठी केलेली संग्रह-प्रणाली आता इतर जमातीही वापरतात; कोणी काय पाहायचे हे ज्याची त्याची जमात ठरवते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून निघालेली 'मुकुर्तू' ही प्रणाली याच विचाराची. (जेझुइटांनी आपला कोश धर्मांतरासाठी केला होता. त्यांनी तो केला नसता तर आज बाल्डविन यांच्या हाती काय असते? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, आणि माझ्या कौलाला तो बाधकच आहे.)

मात्र प्रोग्रॅमरांनी फार हुरळून जाऊ नये. दरवाजा बसवणे हे दुपारभराचे काम. किल्ली कोणाकडे द्यायची, हे ठरवायला वर्षे लागतात, आणि ते आमचे काम नव्हे. शिवाय जे उघड्यावर आले ते परत आत जात नाही. आज संगणकाची भाषा-प्रारूपे घडवण्यासाठी मिळेल तिथला मजकूर ओढून नेला जातो. 'छापले की कोणीही घेईल' ही १९९७ सालची भीती तेव्हा विद्वानांना अतिरेकी वाटली असेल. आता तिच्यात कल्पनेचा भाग उरला नाही.

हा सगळा मामला ॲरिझोनातल्या टेकाडांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव-जामोदकडे पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याशी तिथे निहाली बोलणारी माणसे आहेत, फार तर दोन-अडीच हजार. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी या भाषेचे नाते अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तिची तुलना गुप्त सांकेतिक बोलींशीही करून पाहिली. अलीकडे डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी तिचे दस्तऐवजीकरण केले आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत निघाला, आणि आपल्यातल्या कित्येकांना कोरकू, कोलामी, निहाली ही नावे तिथेच प्रथम नीट कळली. मोलाचे काम आहे. पण तो खंडही वाचणार आपण.

कारण तिथे इंग्रजीच्या जागी मराठी आहे. शाळा मराठी, तलाठी मराठी, एस.टी.ची पाटी मराठी. होपींच्या बाबतीत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मत देणारे आपण, निहालीच्या बाबतीत वादी-प्रतिवादींपैकी एक आहोत. उद्या निहालीचा मोठा कोश निघालाच, तर अर्थ मराठीत असतील, प्रकाशन समारंभ पुण्यात होईल, आणि आपल्यापैकी काही जण भारतभेटीत अप्पा बळवंत चौकातून एक प्रत आणतील, मीही आणीन. जामोदच्या शाळेत किती प्रती गेल्या, पहिली गेली की शेवटची, आणि शब्द सांगणाऱ्या बाईचे नाव पुस्तकात कुठे छापले आहे, ते मी आधी पाहीन. होपी कोशाचे परीक्षण करताना हीच पाने मी शेवटी उघडली होती. सेकाक्वाप्तेवांचे नाव तिथे आहे, शीर्षक होपीत आहे, आणि विक्रीचा पत्ता टूसॉनचा आहे.